खिळा निघाला, मग सल का उरला?

प्रश्न असा आहे: सात आठवड्यांपूर्वी स्पोर्ट्स शूज घातलेले असताना खिळा तळातून आरपार जाऊन पायात घुसला. खिळा अख्खा बाहेर आला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, तिसऱ्या दिवशी काढलेला एक्स-रे स्वच्छ आला. आठवड्याभरात जखम भरली आणि दुखणंही बरंच कमी झालं. पण गेले तीन-चार आठवडे दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, पाऊल टेकलं की कळ येते. ताप नाही, पू नाही. 'नस दुखावली असेल, वेळ द्या' असं सगळे म्हणतात. आणखी किती दिवस थांबू?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. थांबू नका. या आठवड्यातच पाय पुन्हा दाखवा, शक्यतो पावलाची कामं नेहमी करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला. तुम्हाला घाबरवायचं नाही, कदाचित किरकोळच काही निघेल. पण 'नस दुखावली' हे निदान बाकीच्या शक्यता तपासून संपल्यावर करायचं असतं. तुमच्या बाबतीत ते कोणी पायाला हात न लावताच केलेलं दिसतंय.

तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द आहे 'पण'. दुखणं बरंच कमी झालं, पण पुन्हा सुरू झालं. टोचलेल्या पायाचे रुग्ण तपासताना दुखणं किती आहे आणि किती दिवसांचं आहे, यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे मी आधी विचारतो. साधी खिळ्याची जखम पहिले दोन-तीन दिवस ठणकते, आठ-दहा दिवसांत माणूस बऱ्यापैकी नीट चालू लागतो, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे नेमक्या त्या जागी दाबलं तरच दुखतं. टाचेत टोचलं असेल तर जरा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक पावलाला सगळा भार तिथेच आदळतो. कमी होण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. हळूहळू का होईना, पण उतरत जाणारं दुखणं असेल तर मी निवांत असतो. उतरून पुन्हा चढणारं दुखणं मात्र मी आत काहीतरी आहे असं धरूनच शोधायला घेतो.

आपल्या भाषेत 'सल' म्हणजे आत मोडून राहिलेलं टोक, आणि त्याने होणारी वेदनाही सलच. वस्तूला आणि वेदनेला एकच शब्द ठेवणाऱ्यांना या दुखण्याची चांगलीच ओळख असावी.

जखम भरली याचा अर्थ काय, तेही बघू. खिळ्याचं छिद्र दोन-तीन मिलिमीटरचं, आणि आतला मार्ग दोन-तीन सेंटीमीटर खोल असू शकतो. कापल्याची जखम उघडी असते, वाहते, धुता येते. टोचल्याची जखम तोंडाशी चटकन मिटते आणि आत जे गेलं ते आतच कोंडलं जातं. तळव्याची कातडी जाड असल्यामुळे वरून काही दिसतही नाही. त्यामुळे 'जखम आठवड्यात भरली' हे ऐकून मला विशेष दिलासा मिळत नाही. दार लागलं, एवढंच त्यातून कळतं.

मग आत काय गेलं असेल? खिळा अख्खा आला असं तुम्ही म्हणता, ते मान्य. पण खिळा एकटा गेला नव्हता. तो बुटाचा रबरी तळ, त्यावरचा फोम, आतलं कापड आणि मोजा असे चार थर भोकसून पायात शिरला. पोकळ नळीने पीठ टोचलं की नळीत पिठाचा गोळा येतो, तसं काहीसं बोथट खिळ्याच्या टोकाशी होतं. तो रबराचा किंवा कापडाचा कण पुढे ढकलतो, आत नेऊन ठेवतो आणि स्वतः साळसूदपणे बाहेर येतो. सुई किंवा काच टोकदार असल्याने हे कमी करतात. जुना, बोथट, गंजका खिळा जास्त करतो. माझ्या एका रुग्णाच्या चवड्यातून पाच महिन्यांनी मी तांदळाच्या दाण्याएवढा निळा तुकडा काढला होता. त्याच्या बुटाचा आतला थर निळा होता. त्यालाही 'खिळा पूर्ण निघाला' हे अगदी खात्रीने माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

एक्स-रेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण 'एक्स-रे स्वच्छ' या दोन शब्दांनी जितक्या लोकांना घरी परत पाठवलं गेलंय तितक्यांना दुसऱ्या कशाने नसेल. रोंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर त्यांच्या मदतीने शरीरात रुतलेल्या सुया आणि गोळ्या शोधू लागले. धातूच्या बाबतीत एक्स-रेचा शब्द आजही जवळजवळ शेवटचा आहे. काचही दिसते. काच पारदर्शक म्हणून एक्स-रेत दिसणार नाही, हा गैरसमज मी डॉक्टरांकडूनही ऐकला आहे. दोन मिलिमीटरपेक्षा मोठा काचेचा तुकडा, योग्य कोनातून फोटो घेतला तर, बहुतेक वेळा दिसतो. दगडाची खडीही दिसते. पण लाकूड, काटा, रबर, कापड, बहुतेक प्लास्टिक यांची घनता मांसाच्या इतकी जवळची असते की ते फोटोत विरघळून जातात. म्हणजे तुमच्या स्वच्छ एक्स-रेने फक्त इतकंच सांगितलं की खिळ्याचा तुकडा आत मोडलेला नाही. ते तर तुम्हालाही माहीत होतं.

दुसरी गोष्ट तारखेची. एक्स-रे तिसऱ्या दिवशी काढला होता. हाडाला जंतुसंसर्ग झाला तरी त्याच्या खुणा साध्या एक्स-रेत उमटायला किमान दहा ते चौदा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. हाडातला बराचसा कॅल्शियम झिजल्याशिवाय फोटोत फरकच पडत नाही. तेव्हा तिसऱ्या दिवसाचा फोटो हाडाच्या संसर्गाबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच बोलू शकत नव्हता.

हाडाचा विषय काढला तो तुमच्या दुखण्याच्या जागेमुळे. पावलाचे ढोबळ तीन भाग धरा: टाच, मधली कमान आणि चवडा. कमानीला भार कमी पडतो, तिथली जखम सहसा फार छळत नाही, तिथे मला काळजी असते ती नसांची आणि स्नायूबंधांची. टाचेत चरबीची जाड गादी असते, तरी खिळा खोल गेला तर टाचेच्या हाडापर्यंत पोहोचतोच. सगळ्यात वाईट जागा चवडा. चालताना टाच उचलली की अख्ख्या शरीराचा भार चवड्यावर येतो, म्हणजे खिळा तिथे सर्वांत जोरात घुसतो. आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीपासून सांधा जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर असतो. सांध्याचं आवरण, कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, लांब हाडाचं डोकं, बोट वाकवणारा स्नायूबंध, दोन बोटांमधून जाणारी नस, सगळं एका अंगठ्याखाली झाकलं जाईल इतक्या जागेत दाटीवाटीने बसलेलं आहे. तिथे खिळा घुसून कशालाच न लागणं म्हणजे नशीबच.

स्पोर्ट्स शूज, चवडा आणि काही आठवड्यांनी परतलेलं दुखणं ही तीन पानं एकत्र आली की आमच्या धंद्यात एका जंतूचं नाव आधी आठवतं: स्यूडोमोनास. याला ओलावा आवडतो. घामाने भिजून वाळणाऱ्या बुटाच्या तळातल्या फोमच्या थरात तो सुखाने राहतो. खिळ्याबरोबर तो कूर्चेपर्यंत किंवा हाडापर्यंत पोहोचला तर गाजावाजा करत नाही. जखम भरते, पहिली सूज उतरते, माणूस चालू लागतो, आणि दोन-चार आठवड्यांनी त्याच जागी दुखायला लागतं. ताप बहुतेकदा नसतोच. रक्तातला सीआरपी, म्हणजे आत दाह असला की वाढणारा आकडा, थोडा वाढलेला असतो किंवा चक्क नॉर्मल असतो. ईएसआर हा तशाच कामाचा दुसरा आकडा जरा वर गेलेला दिसतो, पण त्याचाही भरवसा नाही. आणि टोचल्यावर साधारणपणे जी अँटिबायोटिकं दिली जातात, अमॉक्सिसिलिनच्या घरातली किंवा सुरुवातीच्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन, ती या जंतूवर चालत नाहीत. म्हणून 'पाच दिवसांचा कोर्स झाला' यानेही माझं समाधान होत नाही.

तुम्हाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. पाय न बघता ते कोणी म्हणू नये. बहुसंख्य खिळे काही न करता जातात. पण तुमच्या हकिकतीत या निदानाची पावलं इतकी स्पष्ट उमटली आहेत की ते आधी खोडून काढायला हवं.

मी तुमचा पाय कसा तपासला असता ते सांगतो. त्यातलं काही तुम्ही आजच घरी करू शकता. दोन्ही पावलं शेजारी ठेवून वरून बघा. वरून म्हणतोय, तळव्याकडून नाही. तळव्याची कातडी घट्ट बांधलेली असते, तिला फुगायला वाव नसतो. त्यामुळे तळव्यातला संसर्ग सूज दाखवतो ती पावलाच्या पाठीवर. बोटांकडे जाणाऱ्या शिरांसारख्या दोऱ्या चांगल्या पायावर जशा उठून दिसतात तशा दुखऱ्या पायावर दिसतात का? मधल्या खळग्या भरल्यासारख्या वाटतात का? मग हाताची पाठ लावून दोन्हीकडचा गरमपणा जोखा. त्यानंतर कान कोरायच्या कापसाच्या काडीने तळवा हलके दाबत जा. एकाच टिंबाएवढ्या जागी 'आई गं' निघत असेल आणि बाजूला अर्ध्या सेंटीमीटरवर काहीच नसेल, तर आत वस्तू असण्याकडे माझा कल जातो. दुखणं पसरट असेल, आणि पावलाच्या पाठीकडून त्याच हाडावर दाबलं तरी दुखत असेल, तर हाडाचा किंवा सांध्याचा संशय बळावतो. दुसरं बोट अलगद धरून नुसतं वरखाली हलवताना कळ आली तर सांधा.

नस खरंच दुखावली असेल तर तिची तक्रार वेगळी असते. विजेसारखी सणक बोटाच्या टोकापर्यंत जाते, मुंग्या येतात, दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू बधिर लागतात, आणि त्या जागी टिचकी मारली की तीच सणक पुन्हा उठते. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. भार टाकला की कळ, भार काढला की आराम, याला नसेचं दुखणं म्हणायला मी सहज धजणार नाही.

चाचण्यांचा क्रम माझ्या हातात असता तर पहिल्यांदा नवा एक्स-रे, दोन-तीन कोनांतून, दुसऱ्या पायाचाही एक तुलनेसाठी. सात आठवड्यांनी हाडात काही असेल तर आता ते दिसायची चांगली शक्यता आहे. लगेच त्यानंतर त्या जागेची सोनोग्राफी, वरवरचं बारीक दाखवणारा प्रोब वापरून. लाकूड, काटा, रबर असं एक्स-रेला न दिसणारं इथे सापडतं: एक चकचकीत रेघ, तिच्यामागे सावली आणि भोवती पाण्याचं काळं कडं. मात्र सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. 'पायाची सोनोग्राफी' एवढंच लिहून पाठवू नका. कातडीवर पेनाने फुली मारून घ्या आणि काय शोधायचं ते चिठ्ठीत लिहून घ्या. मी तर शक्य असेल तेव्हा शेजारी उभा राहतो. रक्तात सीआरपी, ईएसआर आणि साखर. आणि संशय टिकून असेल तर एमआरआय. हाडाच्या मज्जेतली सूज तो एक्स-रेच्या कितीतरी आधी दाखवतो, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कण त्यातूनही निसटू शकतो. आत लोखंडाचा कण नाही याची खात्री एमआरआयच्या आधी एक्स-रेने करायची, कारण त्या चुंबकात लोखंड जागचं हलू शकतं.

यातून काय निघेल त्यावर पुढचं सगळं ठरतं. आत वस्तू आहे आणि दुखतंय, तर काढायची. पण घाईने, बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलावर, थोडं भूल देऊन खणून नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. उमेदवारीच्या काळात टाचेतला काटा 'हा इथेच तर आहे' म्हणून शोधायला बसलो. पाऊण तास गेला, छिद्राची चीर झाली, काटा मिळाला नाही. तो नंतर माझ्या वरिष्ठांनी सोनोग्राफीने जागा आखून, मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवलेल्या कोरड्या क्षेत्रात दहा मिनिटांत काढला. त्या रुग्णाला काट्यापेक्षा माझ्या चिरेचा व्रण जास्त दिवस दुखला. तळव्यावर भाराच्या जागी पडलेला जाड व्रण आयुष्यभर खड्यासारखा बोचू शकतो. त्यामुळे घरी सुई-नेलकटर घेऊन कोरायचा मोह होत असेल तर तो आवरा.

याची उलट बाजूही आहे. खोल रुतलेला, न दुखणारा, सांध्यापासून लांब असलेला काचेचा किंवा धातूचा बारीक कण कधी कधी तसाच राहू देणं शहाणपणाचं असतं. शरीर त्याच्याभोवती आवरण घालून जुळवून घेतं. लाकूड आणि काटे यांच्याशी मात्र तसा समझोता होत नाही. ती वनस्पतीची वस्तू आहे, ओलसर राहते, कुजते, जंतू आणि बुरशी सोबत आणते. काट्याचं टोक सांध्यात राहिलं तर जंतू नसतानाही तो सांधा महिनोन् महिने सुजत राहतो. एका मुलाच्या अंगठ्याचा सांधा चार महिने संधिवात म्हणून औषधं खात होता. काटा टोचल्याचं कोणी विचारलं नव्हतं आणि मुलगा विसरून गेला होता.

हाडात किंवा सांध्यात स्यूडोमोनास निघाला तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. मार्ग उघडून धुवावा लागतो, मेलेली कूर्चा आणि आतला कण काढावा लागतो, नमुना तपासणीला पाठवावा लागतो आणि मग त्या जंतूला लागू पडणारं औषध द्यावं लागतं. नीट सफाई झाली तर हे बरं होतं, आणि छान बरं होतं. उशीर झाला तर सांध्याची कूर्चा जाते, ती परत येत नाही. म्हणूनच तोवर मनाने आणखी एक अँटिबायोटिक सुरू करू नका. अर्धवट मात्रेने दुखणं चार दिवस दबतं आणि नमुन्यात जंतू उगवत नाही, म्हणजे शोधणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ.

बाकीच्या शक्यता भराभर सांगतो. कातडीचा कण आत ढकलला जाऊन तिथे वाढू लागतो आणि गोटीसारखी गाठ होते, पण त्याला बहुधा अनेक महिने लागतात. त्या जागी कुरूप होऊ शकतं. ते बघताच ओळखू येतं. पाय वाचवत कडेने चालल्यामुळे दुसरीकडेच दुखणं सुरू होतं, पण ते बाहेरच्या कडेला, पोटरीत किंवा गुडघ्यात असतं. आणि क्वचित, जखमेच्या मानाने प्रचंड आग, पांघरूणाचा स्पर्शही न सोसणं, पायाचा रंग आणि घाम बदलणं असं काही दिसलं तर तो मज्जातंतूंचा वेगळा विकार असतो. त्यात पाय बांधून ठेवला की तो बिघडतो, म्हणून तेही लवकर ओळखावं लागतं. न दुखणारी, महिनोन् महिने वाढत जाणारी गाठ, त्यातून रवाळ कण बाहेर येणं, हा मदुरा फूट नावाचा रोग, मदुराई शहरावरून नाव पडलेला. तो काट्यांतूनही होतो, पण तुमच्या हकिकतीशी त्याचं काही जुळत नाही.

धनुर्वाताची चिंता सोडा. तो गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूमुळे होतो, आणि बहुतेक वेळा ३ ते २१ दिवसांत दिसतो. मळक्या जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर एक डोस घेतात. तो तुम्ही घेतलाय. लहानपणीचे डोस पूर्ण झाले होते का, एवढं मात्र डॉक्टरांना सांगा.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे: तुम्हाला मधुमेह आहे का? असेल, किंवा पाय बधिर वाटत असतील, तर 'या आठवड्यात' खोडून 'उद्या' असं वाचा. अशा पायात आतून हाड पोखरलं जात असताना दुखणं नावालाच असतं. तसंच ताप आला, लाली वर चढू लागली, पाऊल टेकवेना, किंवा जखमेच्या जुन्या जागेतून काही पाझरू लागलं, तर कोणत्याही पायाच्या माणसाने त्याच दिवशी जावं.

तोवर कडक तळाचा बूट घाला, अनवाणी चालू नका. दुखऱ्या टिंबावर गरम शेक किंवा मालीश करू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसल्याने आतलं काही वर येत नाही, कातडी तेवढी भिजून मऊ पडते.

आणि तो बूट टाकून दिला नसेल तर सोबत घेऊन जा. आतली गादी काढून खिळ्याचं भोक उजेडात धरून बघायला डॉक्टरांना सांगा. भोकाच्या कडा नुसत्या फाटलेल्या असतील तर ठीक. मधला गोल तुकडाच गायब असेल, तर तो कुठे गेला असेल हे मग शोधावं लागेल.